जांभळी फुली

बेंबळी
ता. १२ जुलै १९५९

चि. सिता हिस मामाचे आशीर्वाद.

पत्राला दोन महिने उशीर झाला, त्याची माफी आधीच मागून टाकतो. दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली. एकात शिव्या जास्त झाल्या, दुसऱ्यावर दौत सांडली. ट्रक उलटला तेव्हा दारात सापडलेलं मनगट अजून धड वळत नाही. दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यावं असं हे पत्र नव्हे. माझं शिक्षण निजामाच्या शाळेतल्या तीन इयत्ता, तेव्हा अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. पण वाच.

माफी संपली. आता पुढचं ऐक.

माझी सून अनसूया, तुझी वहिनी, तुमच्या धर्मार्थ दवाखान्याच्या व्हरांड्यात सकाळी दहापासून दुपारी अडीचपर्यंत पडून होती. फरशीवर. खाली माझा पटका घातला होता, तेवढंच. तू तिथली सिस्टर. सगळं गाव म्हणत होतं, कोंडीराम पाटलाची भाचीच तिथं हाय, काळजी करू नका. मीही त्याच भरवशावर होतो. घाटात ट्रक पालथा झाला आणि लग्नाच्या वऱ्हाडातली एकतीस माणसं दगडावर आपटली, तेव्हा एस.टी.तून येताना मी अनसूयेला हेच सांगत आलो, की तुळजापूरला आपली सिता आहे.

आणि तू काय केलंस? ज्यानं वळणावर गाडी उलथवली त्या ड्रायव्हरला आधी आत घेतलंस. त्याच्या तोंडाला कसला वास येत होता हे साऱ्या वऱ्हाडाला ठाऊक आहे. त्याच्या मांडीवर हात दाबून तासभर बसलीस. मी खिडकीतून तीनदा हाक मारली, की अनसूयेकडं बघ, ती गार पडत चालली आहे. तू वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. "मामा, गप बसा आणि बाजूला व्हा," असं सगळ्यांदेखत म्हणालीस. मी तुझ्या आईचा थोरला भाऊ. तुझा नवरा गेला आणि सासरच्यांनी उंबऱ्याबाहेर काढलं, तेव्हा भावकीची तोंडं चुकवून हैदराबादला नर्सिंग शिकायला तुला कोणी पोचवलं होतं? त्या दिवसाची ही फेड का?

तू अनसूयेपाशी आलीस ती एकदाच, सुरुवातीला. पोट दाबलंस, डोळ्याची पापणी उलटी केलीस, आणि काडीला कापूस गुंडाळून तिच्या कपाळावर जांभळ्या औषधाची फुली मारलीस. थेट कुंकवावर. बाजारात विकलेल्या जनावराला रंग फासतात तशी. चुकलेल्या गणितावर मास्तर मारतात तशी. मला काय कळत नाही का? जिची आशा सोडली तिच्यावर तू फुली मारलीस आणि पुढं गेलीस. जिचा नवरा जिता आहे तिच्या कपाळावर फुली! मी धोतराचा सोगा पाण्यात भिजवून ती फुली पुसली, चांगली घासून पुसली, आणि कनवटीला देवीआईच्या देवळातलं कुंकू होतं ते तिला बोटभर लावलं. त्या दिवशी तिच्यासाठी कोणी काही केलं असेल तर ते एवढंच, आणि ते मी केलं. तू नाही.

बारा वाजून गेल्यावर तू बाहेर आलीस. तिला पाहून तुझं तोंड पांढरं पडलं, ते मी विसरलेलो नाही. मग बाटली लावलीस, धावाधाव केलीस. जीप सोलापूरला पहिली खेप घेऊन गेली होती. ती परत आली, आम्ही निघालो, आणि तामलवाडीजवळ अनसूया माझ्या मांडीवर गेली. आमचं वऱ्हाड जिथं निघालं होतं तो लग्नाचा मांडव रस्त्यावरून दिसत होता. अजून सोडलासुद्धा नव्हता.

माझ्या पोरानं, हिंमतनं, तुझ्याविरुद्ध दवाखान्याच्या ट्रस्टकडं अर्ज दिला आहे. त्याच्याखाली मीही सही केली आहे. हे तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून मीच लिहितो.

कोंडीराम


तुळजापूर
ता. २१ जुलै १९५९

तीर्थरूप मामांस, सिताचा नमस्कार.

पत्र पोचलं. अक्षर लागलं. दोनदा नाही, पुष्कळदा वाचलं.

तुम्ही रागावलात तो तुमचा हक्क. पण मलाही राग येतो, मामा, आणि आज मी तो गिळणार नाही. त्या सकाळी दवाखान्यात मी, कंपाउंडर आणि झाडणारी कोंडाबाई, एवढे तिघं होतो. राघवेंद्र डॉक्टर एका बाळंतिणीसाठी खेड्यावर गेले होते. एस.टी.नं आणि दोन बैलगाड्यांनी एकतीस माणसं दारात आणून उतरवली, आणि त्यांच्याबरोबर शंभर माणसं आत घुसली. प्रत्येकाचं म्हणणं एकच, आमच्या माणसाला आधी बघा. जे ओरडत होते त्यांना सोडून जे गप्प पडले होते त्यांच्याकडं मी आधी गेले, म्हणून एका बाईनं माझ्या अंगावर तांब्या फेकला. अजून खांद्यावर व्रण आहे.

ड्रायव्हरच्या मांडीतली मोठी शीर फुटली होती. दाब काढला असता तर तो पाच मिनिटांत गेला असता. त्यानं गाडी उलथवली की रस्त्यानं, ते पोलिसांनी बघावं. दवाखान्यात तो ड्रायव्हर नव्हता. माझा हात त्याच्या मांडीवर अडकला होता, मामा. तुम्ही तीनदा हाक मारलीत ती तिन्ही वेळा मला ऐकू आली. मला दोनच हात आहेत. त्याला वाचवायला ते दोन्ही लागत होते.

आता एक गोष्ट सांगते ती नीट ऐका. तुम्ही फुली पुसली आणि कुंकू लावलं, हे कोणापाशी बोलू नका. हिंमतपाशी तर मुळीच नको. चौकशीला तुम्ही येऊ नका. मनगट दुखतं असं कळवा. मला जे विचारतील त्याचा जबाब मी देईन. तुमचं पत्र मी जाळलं आहे. हेही जाळा.

प्रकृतीला जपा. मनगट गरम पाण्यानं शेकत जा. शेक देताना बोटं उघडझाप करा, नाहीतर ते असंच राहील.

सिता


बेंबळी
ता. ३ ऑगस्ट १९५९

चि. सिता हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून माझ्या अंगाची लाही झाली. मला वाटलं होतं तू दोन शब्द खेदाचे लिहिशील. तू काय लिहिलंस? कोणाला सांगू नका! जाळून टाका! म्हणजे त्या फुलीची तुलाच लाज वाटते तर! जित्या बाईच्या कपाळावर तसली खूण मारल्याचं बाहेर आलं तर तुझी नोकरी जाईल, म्हणून मला तोंड शिवायला सांगतेस. पत्र मी जाळलेलं नाही. धान्याच्या कणगीत ठेवलं आहे.

चौकशी २५ तारखेला ठरली आहे. हिंमतला ट्रस्टचा कागद आला. त्यात राघवेंद्र डॉक्टरांचा जबाब आहे, की सिस्टरांनी या बाईला निशाणी केलेली नव्हती. हे वाचून हिंमत म्हणाला, "बघा बाबा, तिनं आपल्या माणसाला निशाणीबी केली न्हाय." मी तोंड उघडणार होतो, की केली होती, अशी केली होती की बघवत नव्हतं. पण तू लिहिलंस म्हणून गप्प राहिलो. आजवर गप्प राहिलो. यापुढं राहणार नाही. चौकशीत पाचजणांसमोर सांगणार, की फुली मारली होती आणि मी ती या हातानं पुसली.

आता दुसरी गोष्ट. ती लिहिताना मला चैन पडत नाही, म्हणून लिहितो.

आपल्या गल्लीतली कमलबाई, तीही त्या ट्रकात होती, परवा सोलापूरहून आली. तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं, पोटातही मार होता. पायाला पांढरा गिलावा आहे, पण जिती आहे, बोलते, सुनेला शिव्या देते. मी बघायला गेलो. बोलता बोलता म्हणाली, "पाटील, तुमच्या भाचीनं माझ्या कपाळाला जांभळं फासलं व्हतं. माझी सासू म्हनली पुसून टाक, अवदसा हाय. म्या म्हनलं, हात उचलंना मला, तुमीच पुसा. तवर डाक्टर आला अन् मलाच पयलं गाडीत घातलं."

मी विचारलं, "तुलाच का पयलं?"

ती म्हणाली, "मला काय ठावं? डाक्टर म्हनला, जांभळ्या फुलीवाले गाडीत घाला."

मी घरी आलो तो कसा आलो मला आठवत नाही. चप्पल तिथंच राहिली.

सिते, ती फुली कशाची होती? आशा सोडल्याची होती ना? डॉक्टरला चुकून तसं वाटलं असेल. कमलबाई अर्धवट शुद्धीत होती, तिला भलतंच ऐकू आलं असेल. मला सरळ सांग. चौकशीच्या आधी सांग. पोस्टमन इथं मंगळवारी आणि शुक्रवारीच येतो, तेव्हा हिशेबानं टाक. पाकिटात घाल, कार्डावर लिहू नकोस.

कोंडीराम


तुळजापूर
ता. ८ ऑगस्ट १९५९

तीर्थरूप मामांस, सिताचा नमस्कार.

मी सांगणार नव्हते. तुम्ही विचारलं नसतं तर जन्मात सांगितलं नसतं. पण तुम्ही पाचजणांसमोर ते बोलणार, आणि त्याचा अर्थ तुम्हाला आणि हिंमतला एकाच वेळी तिथं कळणार. तसं होऊ देण्यापेक्षा आज सांगते.

फुली म्हणजे, याला सर्वांत आधी.

हैदराबादला शिकत असताना, पोलीस ॲक्शनच्या दिवसांत, ट्रक भरभरून जखमी माणसं यायची. आमची मोठी सिस्टर असंच करायची. ज्याला थांबून चालणार नाही त्याच्या कपाळावर जांभळी फुली. कपाळ उघडं असतं, लांबून दिसतं, आणि ते औषध घामानं जात नाही. मग डॉक्टर आले की त्यांना विचारत बसावं लागत नाही. आमच्या दवाखान्यात ही रीत मीच आणली. राघवेंद्र डॉक्टरांना ती पक्की माहीत आहे.

त्या दिवशी मी पाचजणांना फुली मारली. अनसूयावहिनीच्या अंगावर रक्ताचा थेंब नव्हता, पण पोट लाकडासारखं कडक होतं, नाडी पळत होती आणि ती पाणी पाणी करत होती. आत कुठंतरी रक्त वाहत होतं. पाचांत पहिली फुली तिची होती, मामा. डॉक्टर अकराला आले. मी आत अडकलेली. त्यांनी व्हरांड्यात फुलीवाले पाहिले, चार दिसले, चौघांना जीपमध्ये घालून सोलापूरला धाडलं आणि ड्रायव्हरची शीर बांधायला आत आले. वहिनी कुंकू लावून शांत पडली होती. तिला कमी लागलंय असं त्यांना वाटलं. मी बाहेर आले आणि तिच्या कपाळावर फुली नाही हे पाहिलं.

तुम्ही लिहिलंत, तोंड पांढरं पडलं. पडलंच. कारण त्या क्षणापासून मी हेच समजत होते की फुली मारायची माझ्याच हातून राहिली. एकतीस माणसांच्या गोंधळात मारली असं नुसतं वाटलं, आणि खरं तर राहिली. दोन महिने हेच समजत होते. डॉक्टरांना मीच तसं सांगितलं, म्हणून त्यांच्या जबाबात ते आलं. जेवताना, कोणाची नाडी धरताना, दर वेळी तेच. नोकरी सोडून द्यायचा कागद लिहून ठेवला होता. मग तुमचं पत्र आलं.

तुमच्या शिव्या वाचताना फुली पुसल्याच्या त्या एका ओळीपाशी मी थांबले आणि मोठ्यानं रडले. कोंडाबाई धावत आली. मला आधी सुटका वाटली, मामा. त्याची लाज वाटते, पण वाटली. आणि मग तुमचा इतका राग आला की समोर असतात तर काय बोलले असते कोण जाणे. पुसायच्या आधी मला विचारायचं तरी! खिडकीतून तीनदा ओरडलात, तेव्हा चौथ्यांदा ओरडून विचारायचं होतं, ही खूण कसली!

मग आठवलं, मीच म्हणाले होते गप बसा.

तुम्ही विचाराल, फुली असती तर ती वाचली असती का? खोटं सांगणार नाही. वाचली असती असंही नाही आणि नसती असंही नाही. डॉक्टरसुद्धा सांगू शकत नाहीत. सव्वातीन तास आधी निघाली असती, एवढंच खरं.

चौकशीला येऊ नका. मी सांगणार आहे की फुली राहिली. फार तर इथून काढतील. मला दुसरीकडं काम मिळेल, नर्स सगळ्यांना हवी असते. तुम्हाला दुसरा मुलगा मिळणार नाही.

सिता


बेंबळी
ता. १६ सप्टेंबर १९५९

चि. सिता हिस आशीर्वाद.

चौकशीच्या दिवशी तू मला पाहिलंस, पण बोलणं झालं नाही. तुला बाजूच्या खोलीत बसवलं होतं आणि मला मागच्या दारानं जायला सांगितलं. आत काय झालं ते तुला कोणी धड सांगितलं नसेल, म्हणून लिहितो.

तुझं पत्र आलं तो शुक्रवार होता. चार दिवस ते अंगरख्यात घेऊन फिरलो. तुझं म्हणणं मला पटलं नाही असं नाही. गप्प बसायचं, तू सोसायचं, हिंमतला काही कळू द्यायचं नाही. सोपं होतं. आणि त्याचाच मला संताप आला. तू कोण मला वाचवणारी? मी केलेलं तू तुझ्या नावावर घेणार, आणि मी घरात बसून नातीला खेळवणार? तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू, ती वर गेली असली म्हणून काय झालं?

पाचव्या दिवशी सकाळी शेतात गेलो. हिंमत कोळपत होता. मी बांधावर उभा राहिलो.

"हिंमत, मला एक सांगायचं हाय."

"सांगा की. बैलं थांबवलीत."

सांगितलं. तो ऐकत होता आणि कोळप्याच्या लोखंडी पात्याला लागलेली माती बोटानं काढत होता. सगळी निघाली तरी काढत होता. मग म्हणाला, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्याहून कठीण गेलं.

त्यानं एकच विचारलं. "तुमी पुसलं तवा ती शुद्धीवर व्हती का?"

मी म्हणालो, "व्हती. मला म्हनली, मामंजी, कपाळाला काय फासलंय हो, भ्या वाटतंय. पुसल्यावर म्हनली, आता बरं वाटतंय."

हे मी तुलाही लिहिलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. तिला बरं वाटलं हीच माझ्यापाशी एक चांगली गोष्ट होती, सिते. तुझ्या पत्रानं तीही नेली.

हिंमतनं बैल हाकले. सरी वाकडी गेली, पिकावरून गेली, तरी तो थांबला नाही. दुपारी घरी आला तेव्हा अनसूयेच्या पोरीला कडेवर घेतलं, तिची झबली बोचक्यात बांधली आणि सास्तूरला, तिच्या आजोळी निघून गेला. मी म्हणालो, पोरीला भाकरी तरी खाऊ दे. ऐकलं नाही.

२५ तारखेला मी एकटाच तुळजापूरला आलो. ट्रस्टचे चिटणीस विष्णुपंत आणि आणखी चारजण. मी सगळं सांगितलं, फुली, धोतराचा सोगा, कुंकू, काही वगळलं नाही. विष्णुपंतांनी चष्मा काढला आणि हसले. रागानं हसले असते तर चाललं असतं, ते गोड हसले.

"आजोबा, सिस्टर तुमची सख्खी भाची ना?"

"हो."

"मे महिन्यातल्या अर्जावर तुमची सही आहे, की सिस्टरनं हेळसांड केली. आता म्हणता, चूक माझीच. भाचीसाठी माणूस काय काय बोलतो, आम्हाला कळतं हो. तुमच्या वयाचा मान राखून म्हणतो, घरी जा."

मी म्हणालो, "अवो, मी खोटं कशापायी बोलू? स्वतःच्या सुनेचं!"

"सिस्टरनं स्वतःच लिहून दिलंय की फुली राहिली. आता मी तिचं खरं मानू का तुमचं?"

सिते, तिथं मला तुझा इतका राग आला! तू आधीच लिहून देऊन मोकळी झाली होतीस. मी ओरडलो, "लिहा माझं नाव! कोंडीराम, राहणार बेंबळी, याच्या हातून झालं असं लिहा!" विष्णुपंत म्हणाले, "तुमचं नाव लिहून आम्ही काय करू? तुम्ही काय आमचे नोकर आहात, की तुम्हाला कामावरून काढू?" चारही जण हसले. त्यांना खरं नको होतं. ज्याला काढता येईल असं माणूस हवं होतं. मी तिथंच जमिनीवर बसलो. म्हणालो, लिहून घेईपर्यंत उठणार नाही. शिपायाला बोलावलं. त्यानं माझ्या त्याच मनगटाला धरलं, आणि मी लहान पोरासारखा ओरडलो.

तेव्हा हिंमत आत आला. तो सास्तूरहून कधी आला, बाहेर किती वेळ उभा होता, मला माहीत नाही. शिपायाचा हात त्यानं बाजूला केला. विष्णुपंतांना म्हणाला, "अर्ज माझा हाय. बायको माझी गेली. म्हातारा खोटं बोलत न्हाय. म्या त्याच्या तोंडून शेतात ऐकलंय, अन् भाचीला वाचवायला बाप पोटच्या पोराला असलं सांगत नसतो. लिहून घ्या."

विष्णुपंत म्हणाले, "म्हणजे तुमचा अर्ज मागं?"

हिंमत म्हणाला, "मागं न्हाय. अर्जात आनखी एक लिवायचं. फुली लावली तर घरच्या मानसाला सांगायचं न्हाय का, कशाची हाय ती? डाक्टरनं नुसतं कपाळ बघितलं, बाईकडं बघितलं न्हाय. हेबी लिवा. मग म्या सही करतो."

लिहिलं. त्यानं सही केली. मीही केली. मग तो बाहेर पडला. मी मागोमाग गेलो, पण मला पळवत नाही. सास्तूरच्या बाजूची गाडी उभी होती, तीत चढला. मी खिडकीखाली जाऊन म्हणालो, "हिंमत, घरी चल रं." गाडी निघाली.

माझ्या बाजूनं उभा राहिला, पण माझ्याबरोबर आला नाही. त्याला मी काय म्हणू? काही म्हणायचा मला हक्क नाही. तीन आठवडे झाले. कोळपणी अर्धी राहिली, तण गुडघ्याएवढं झालं. मी एकट्यानं चूल पेटवतो आणि शेजारणी बघून जातात.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही, हे स्पष्ट लिहितो. तुझी रीत चांगली होती आणि तू ती पोटात ठेवलीस. फुली मारताना नुसतं म्हणाली असतीस, मामा, ही पुसू नका, हिला आधी न्यायची आहे. मी हे वाक्य मोठ्यानं म्हणून पाहिलं. एका श्वासात होतं. हिंमत बोलला ते खरं बोलला. आणि मी पुसण्याआधी विचारायला हवं होतं, हेही तेवढंच खरं. दोन्ही गोष्टी मी एकाच वेळी धरून बसलो आहे आणि त्यातली एकही हलकी होत नाही. पुन्हा कोणाच्या कपाळाला ती फुली लावशील तेव्हा त्याच्या उशाशी जो कोणी येडा म्हातारा बसला असेल, त्याला धरून सांग. ऐकत नसेल तर थोबाडीत मारून सांग.

पण पुन्हा लावशील की नाही, हेच मला कळत नाही. निकाल पंधरा दिवसांत कळवू म्हणाले होते, बावीस दिवस झाले. मंगळवारी आणि शुक्रवारी मी पाणंदीपर्यंत जाऊन पोस्टमनला अडवतो. काल तो वैतागून म्हणाला, "पाटील, तुमचं आलं तर म्या हाक मारीन की." तुला ठेवलं का काढलं? काढलं असेल तर कुठं गेलीस? त्या दवाखान्याच्या पत्त्यावर हे पत्र टाकतोय, ते तुझ्या हाती पडेल का, का विष्णुपंत उघडून वाचतील? वाचलं तर वाचू देत, त्यांच्यावर काय खोटं लिहिलंय!

माझ्यावर चिडून लिही. शिव्या लिही. गप बसा म्हणून लिही. पण पुढच्या शुक्रवारच्या आत, तू कामावर आहेस की नाही, एवढी एक ओळ तरी लिही. या घरात आता माझ्याशी बोलणारं कोणी उरलेलं नाही, पोरी. लौकर कळव.

तुझा मामा,
कोंडीराम